मी रिकामा ठेवायला लावलेला रकाना

अर्जदार: एका मुलीचे वडील, वय त्रेपन्न, शिक्षण नववी नापास, व्यवसाय अर्जलेखन, राहणार कर्वेनगर, पुणे. साक्षीदार: एक, अर्जदाराची पत्नी, दोन, कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवरील गृहस्थ. घटनेचे दिवस: परीक्षेचा फॉर्म भरला तो रविवार, निकाल लागला तो मंगळवार आणि मुदत संपली तो शनिवार, सायंकाळी पाच. नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मुलीला याच शहरात शिकायचे आहे. विरुद्ध पक्ष कोण, ते शेवटी नमूद करतो. ते ठरवायला मला वर्ष लागले.

गेली सव्वीस वर्षे मी कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. वारसाचे, मोजणीचे, नळजोडाचे. माझा मसुदा हाती आला की आतला साहेब एकदा मान वर करून पाहतो, हे मी अभिमानाने सांगत आलो आहे. माझा नियम एकच: पूर्ण वाचल्याशिवाय कोणताही कागद पुढे सरकू द्यायचा नाही. या नियमाने मी अनेकांना बुडण्यापासून वाचवले आहे.

मुलीला दगडांचे वेड. टेकडीवर गेली की ओढणीच्या टोकात खडे बांधून आणायची, धुऊन खिडकीच्या कट्ट्यावर मांडायची आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवायची. तिला भूशास्त्र शिकायचे होते. तिला हवे तसे ते कोथरूडपलीकडच्या एकाच कॉलेजात शिकवतात. तिथला प्रवेश बारावीच्या गुणांवर नाही, साऱ्या देशात एकाच दिवशी होणाऱ्या परीक्षेच्या गुणांवर मिळतो.

त्या रविवारी ती मोबाइलवर परीक्षेचा फॉर्म भरत होती. मी चष्मा लावून शेजारी बसलो होतो.

"बाबा, इथे कॉलेज निवडायचंय. आत्ताच निवडलं की रिझल्टच्या दिवशी स्कोअर डायरेक्ट त्यांच्याकडे जातो."

"आणि कमी आले तर?"

"तर कमी जातील."

"म्हणजे आपण स्वतः न पाहिलेला कागद परस्पर दुसऱ्याच्या दप्तरी जमा करायचा? नंतर निवडता येत नाही का?"

"येतं. पण मग वेळ लागतो म्हणे."

"लागू दे. आधी आपण गुण पाहू, मग पाठवू. हा रकाना सोड."

पत्नी कणीक मळत होती. ती म्हणाली, "अहो, भरू द्या ना तिला. परीक्षा तिची आहे."

"परीक्षा तिची आहे," मी म्हणालो, "अर्ज माझा विषय आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि रकाना सोडला. तिने हट्ट केला असता तर मी ऐकले असते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरे नाही.

मंगळवारी निकाल लागला. गुण आमच्या अपेक्षेहून कितीतरी चांगले होते. तिने आईला मिठी मारली, मग घाईघाईने कॉलेज निवडले. पडद्यावर ओळ आली: गुण पोहोचण्यास सात ते दहा कामकाजाचे दिवस लागतील. तिने बोटांवर दिवस मोजले. मग करंगळीकडून पुन्हा मोजले. कसेही मोजले तरी कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपणारा शनिवार आधीच येत होता.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी लिहितो."

मी दोन पाने लिहिली. आयुष्यात इतका नेटका अर्ज माझ्या हातून झाला नसेल. गुणपत्रिकेची छापील प्रत साक्षांकित करून जोडली आणि गुरुवारी मुलीला घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलो. आतल्या गृहस्थांनी पहिले पान वाचले, दुसरेही वाचले.

"अर्ज छान आहे, काका. आमच्या प्राचार्यांनाही असं जमत नाही."

"आभारी आहे. सोबत साक्षांकित प्रत जोडली आहे."

"ती कशाला? आम्ही कागद बघतच नाही. परीक्षावाल्यांकडून यादी थेट कॉम्प्युटरवर येते. त्या यादीत असलं तर आहे, नसलं तर नाही."

"पण गुण खरे आहेत."

"मी कुठं खोटे म्हणतोय? फॉर्म भरताना कॉलेज निवडलं असतं तर मंगळवारीच आले असते की. का नाही निवडलं गं?"

हा प्रश्न त्यांनी मुलीला विचारला. ती म्हणाली, "राहून गेलं, सर."

मी तिथेच उभा होतो. दोन पानी अर्जाचा कर्ता. मी माझ्या प्रतीवर तेवढा पोचेचा शिक्का मागून घेतला.

घरी आल्यावर तिने तो शिक्का पाहिला. "म्हणजे ते विचार करतील, बाबा?"

"नोंद झाली आहे," मी म्हणालो.

शनिवारचे पाच वाजले. गुण पुढच्या आठवड्यात पोहोचले, तोवर प्रवेशाची यादी बंद झाली होती. ती कॉलेजच्या फलकावर लागली तेव्हा मी एकटाच पाहून आलो. शेवटच्या नावासमोरचे गुण माझ्या मुलीपेक्षा कमी होते. हे मी घरी सांगितले नाही, तरी तिला ते ठाऊक आहे.

आता ती दुसऱ्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. कट्ट्यावरचे दगड तिने बिस्किटांच्या डब्यात भरून माळ्यावर टाकले. चिठ्ठ्यांचे काय केले, विचारायचा धीर झाला नाही. ती रागावलेली नाही, जेवायला वाढते, हसतेही. फक्त कोणताही कागद मला दाखवत नाही.

त्याच परीक्षेचे फॉर्म या महिन्यात पुन्हा निघाले आहेत. पत्नीने तिला दोनदा आठवण करून दिली. "बघू गं," एवढेच ती म्हणाली. मुदतीला नऊ दिवस उरले आहेत.

सबब, विरुद्ध पक्ष म्हणून अर्जदार स्वतःचेच नाव देत आहे. मुलीस नम्र विनंती की, तिने हा फॉर्म भरावा आणि कॉलेजचा रकाना पहिल्याच दिवशी भरावा. अर्जदार त्या वेळी खोलीत येणार नाही. ती "राहून गेलं" म्हणाली, ते तिचे नव्हते, माझे होते, हे येथे लेखी मान्य करतो. उत्तर लेखी नसले तरी चालेल. परंतु नऊ दिवसांच्या आत ते मिळावे, ही विनंती.