तिसऱ्या मजल्यावरचं दूध

गाडीतलं पाणी उकळून उतू जाऊ नये, याचा मला पगार मिळतो. जर्मनीत इंगोलश्टाटच्या एका कंपनीत मी इंजिन थंड ठेवण्याच्या खात्यात आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेली एकही गाडी आजवर घाटात वाफा सोडत उभी राहिलेली नाही. (एक राहिली होती. ती माझी स्वतःची.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून हा माणूस उष्णतेच्या बाबतीत अडाणी असावा, असा तुमचा समज होईल.

आमच्या घराण्यात भिंतीवर फोटो लागलेला माणूस एकच, माझे थोरले काका. सांगलीकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा मिशीवाला फोटो अजून आहे. त्यांची मिशी मी जशीच्या तशी उचलली, बाकीचं जमलं नाही. तरुणपणी मला जर्मन विद्यापीठात शिकायची फार हौस होती. ज्या ज्या विद्यापीठाला लिहिलं, त्या प्रत्येकाने इतक्या सभ्य भाषेत नकार कळवला की वाचताना मीच त्यांची बाजू घ्यायला लागलो! त्यामुळे माझ्या मुलीला, केतकीला, हॅम्बर्गला प्रवेश मिळाला तेव्हा तो मला माझाच, जरा उशिरा आलेला प्रवेश वाटला.

केतकी जर्मनीत आली ती माझ्या कडेवर बसून. तिच्यात मराठी आत जातं आणि जर्मन बाहेर येतं. तिच्या वसतिगृहात नव्या मुलांना सत्र सुरू होताना खोल्या मिळायच्या. पण जी मुलं मदतनीस म्हणून नाव देतील, म्हणजे येणाऱ्यांची खोकी उचलतील, त्यांना विद्यापीठ फिरवून दाखवतील, स्वयंपाकघर कुठलं आणि धुलाईघर कुठलं ते सांगतील, त्यांना आठवडाभर आधी खोली. केतकीने लगेच नाव दिलं. घरात स्वतःचा कप न विसळणारी मुलगी परक्यांची खोकी उचलायला निघाली म्हणून मी चाट पडलो.

"तिला खोकी नाही उचलायचीत," माझी बायको नंदा म्हणाली. "तिला आपल्यापासून आठवडाभर आधी सुटायचंय."

ते खरंच होतं. पण त्यात एक मेख होती. मदतनिसांचा म्होरक्या येन्स नावाचा मुलगा होता, आणि त्याने आधीच बजावलं होतं की ज्याच्याकडून घराचा नियम मोडेल त्याने खोलीची किल्ली परत करायची आणि सत्र सुरू होताना सगळ्यांबरोबर यायचं. म्हणून केतकीने आम्हाला महिनाभर पढवलं. दारात सामान उतरवायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. इतर मुलं पाठीला सॅक लावून एकटी ट्रेनने येतात. मी कबूल केलं. नंदाने कबूल केलं. इचलकरंजीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंनीही, म्हणजे माईंनी, मान डोलावली. कशाला, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सामान थोडकंच होतं. कुकर, कढई, पोळपाट, दोन गाद्या, मेतकूट, एका शहराला पुरेल इतकं लोणचं आणि बेसनाच्या लाडवांचा डबा, जो उचलायला दोन माणसं लागत. केतकीची सॅक शेवटी माईंच्या मांडीवर ठेवावी लागली. अख्खा जर्मनी खालून वर पार करेपर्यंत माईंनी ती नातवासारखी सांभाळली.

हॅम्बर्गला पोचलो तेव्हा पाऊस होता. (हॅम्बर्गला पाऊस होता हे सांगणं म्हणजे समुद्राला पाणी होतं असं सांगणं, पण असो.) येन्स दारातच उभा. विजेच्या खांबाला शर्ट घातला तर कसा दिसेल, तसा. त्याने केतकीला पिवळा टी-शर्ट दिला आणि सगळ्या मदतनिसांना मागच्या अंगणात बोलावलं. आग लागली तर मुलांना बाहेर कसं काढायचं, हे त्यांना शिकवायचं होतं. केतकीने जाता जाता किल्ली माझ्या हातात ठेवली. सामान खोलीत टाकायचं, किल्ली तिला आणून द्यायची आणि निघायचं, असं तिने सांगितलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी परतीच्या गाडीत बसल्यासारखंच "हो" म्हणालो.

सामान खोलीत टाकून आम्ही निघणारच होतो. पण माईंना बाथरूमला जायचं होतं. बाथरूम तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या शेजारी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. माई बाहेर आल्या आणि स्वयंपाकघर पाहून तिथेच थबकल्या.

"पोरीचं नवं घर," त्या म्हणाल्या, "आणि दूध उतू घातलं नाही?"

नव्या वास्तूत आधी दूध उतू जाऊ द्यायचं, मग बाकीचं शिजवायचं. इंगोलश्टाटच्या प्रत्येक भाड्याच्या घरात आम्ही ते केलेलं. आता हे घर नव्हतं, खोली होती, तीही पोरीची, तीही अटीवर. नंदा म्हणाली, नको. मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे. नंदाने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, की माझ्या पाच मिनिटांवर ती आता बोलत नाही.

दूध गाडीत होतंच, चहासाठी घेतलेलं. मी शेगडी लावली. दूध तापलं, साय धरली, फुगलं, काठापर्यंत आलं, आणि खट् असा आवाज होऊन खाली बसलं. शेगडीला आपोआप बंद होणारं बटण होतं. विसराळू मुलांनी घर पेटवू नये म्हणून ठरावीक वेळाने वीज जायची. पुन्हा लावली. पुन्हा दूध काठाशी आलं, पुन्हा खट्.

"जावईबापू," माई म्हणाल्या, "तुमच्या जर्मनीत दूधसुद्धा परवानगी काढून उतू जातं का हो?"

हे मला लागलं. एका शेगडीने, तेही वसतिगृहातल्या, माझ्या खात्यात येऊन मला हरवावं?

"अहो, बंद व्हायच्या आधीच बटण पुन्हा फिरवा की," नंदा म्हणाली.

तो उपाय मला फार साधा वाटला. मी माझी योजना आखली. शेगडीच्या चारही तव्या, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चकत्या, एकदम लावायच्या, लाल होईपर्यंत तापवायच्या, पातेलं काठोकाठ भरायचं आणि एक तवी बंद पडली की दुसरीवर सरकवायचं. शिवाय दूध पूर्वेला उतू गेलं तर उत्तम, असं माई म्हणाल्या. म्हणून पातेल्याच्या पश्चिमेला खाली चमचा सारून मी त्याला पूर्वेकडे कलतं केलं. (पूर्व कुठली हे मी पावसाकडे बघून ठरवलं.) आणि शास्त्र शेवटी शास्त्र असतं. दूध उतू गेलं. आधी पूर्वेला गेलं, मग दक्षिणेला, मग उरलेल्या दोन दिशांची समजूत काढून आलं. चार लालबुंद तव्यांवर दीड लिटर दूध! माईंनी हात जोडले. समोर उभ्या असलेल्या माई मला धुरात दिसेनाशा झाल्या. आणि डोक्यावर छतातून कोणीतरी किंचाळायला लागलं.

अलार्म त्या मजल्यापुरता असेल असं मला वाटलं होतं. तो सगळ्या इमारतीचा होता. वर, खाली, तळघरात, सगळीकडे घंटा. दारं उघडली, कोणी टॉवेलमध्ये, कोणी हातात गिटार, सगळे जिन्याने खाली पळाले. अंगणात येन्स बरोबर त्या क्षणी विचारत होता की घंटा वाजली तर सर्वांत आधी काय करायचं. मदतनिसांना वाटलं, काय सोय केली आहे याने शिकवायची. येन्सचा चेहरा पांढरा पडलेला फक्त केतकीने पाहिला.

ती वर धावली. बाकीचे मदतनीस तिच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर तिला करपलेल्या दुधाचा वास आला आणि ती थांबली. मागून कोणीतरी ओरडून विचारलं, आग कुठे आहे? ती शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "आग नाही. ते माझे बाबा आहेत."

हे वाक्य त्या वसतिगृहात पुढे कित्येक वर्षं चाललं, असं मला सांगतात.

अग्निशमन दल आलं. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर नळकांडी असा एक भला माणूस वर जाऊन, खिडक्या उघडून खाली आला. तोवर सगळं वसतिगृह पावसात अंगणात उभं आणि मधोमध आम्ही तिघं, लाडवांच्या डब्यासह. तो "मॉइन", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणाला, दूध उतू गेलं वाटतं म्हणाला, होतं असं कधीकधी म्हणाला, आणि जायला वळला. नंदाने घाईघाईने मान डोलावली. प्रकरण तिथे संपलं होतं. येन्सच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. फक्त मी गप्प बसायचं होतं.

पण वाचकहो, मी उष्णतेचा इंजिनिअर. इतक्या लोकांसमोर माझं दूध दुर्लक्षाने उतू गेलं असं कसं कबूल करू?

"गेलं नाही," मी म्हणालो. "मी घालवलं."

तो परत वळला. "मुद्दाम?"

"मुद्दाम. तिसऱ्या प्रयत्नात." आणि चार तव्यांची योजना मी त्याला चमच्यासकट समजावून सांगितली.

येन्सने माझ्याकडे पाहिलं, मग केतकीकडे, मग तिच्या पिवळ्या टी-शर्टकडे. नियम मोडला होता, मुद्दाम मोडला होता, आणि तिच्या किल्लीने मोडला होता. केतकीचा खालचा ओठ थरथरायला लागला. तीन वर्षांची असताना थरथरायचा, तस्सा. मला जमिनीत जावंसं वाटलं. नंदाची नजर सांगत होती की ती खड्डा खणायला तयार आहे.

मग केतकी पुढे झाली. "आल्झो," म्हणजे "तर", ती म्हणाली, आणि सगळ्यांना जर्मनमध्ये सांगू लागली. आमच्याकडे माणूस नव्या घरात राहायला आला की दूध उतू जाऊ देतात. घरात नेहमी गरजेपेक्षा थोडं जास्त असावं, म्हणून. आलेल्या-गेलेल्याला पुरावं, म्हणून. हे तिला कोणी शिकवलेलं मला आठवत नाही. आणि माझे बाबा, ती म्हणाली, हे कुठेही करतील, त्यांना दारातून परत जायला सांगितलं होतं, पण ते असे आहेत.

माईंना एक अक्षर कळलं नाही. पण नात बोलायची थांबल्यावर डबा उघडायचा असतो, हे त्यांना कळलं. पहिला लाडू अग्निशमनवाल्याला. मग टॉवेलवाल्याला, गिटारवाल्याला, रांगच लागली. येन्सने तोंड भरलेलं असतानाच इमारतीच्या हाउसमाइस्टरशी, म्हणजे केअरटेकरशी, चर्चा केली. जर्मन माणूस लाडू खाऊनही नियम विसरत नाही. शेवटी निकाल असा लागला: नियम मदतनिसाने मोडलेला नाही, पाहुण्याने मोडलेला आहे. मदतनीस राहील. पाहुण्याला इमारतीत प्रवेशबंदी.

"गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर", हाउसमाइस्टर म्हणाला, आणि माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

केतकी गाडीपर्यंत आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने मला मिठी मारली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य मराठीत म्हणाली.

"थँक यू, बाबा. आता तुम्ही वर येऊच शकत नाही."

पुढची चार-पाच वर्षं दर भेटीला नंदा डबे घेऊन वर जायची आणि मी खाली गाडीत बसून हॅम्बर्गचा पाऊस बघायचो. केतकी खोली सोडायला निघाली तोवर हाउसमाइस्टर बदलला होता. नव्याला माझा इतिहास ठाऊक नव्हता, म्हणून खोकी उचलायला मी वर गेलो. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर काच लावलेली एक चौकट होती. तीत काढलेलं एक पातेलं, फेस चारही दिशांना, शेजारी एक माणूस, मिशीसकट, आणि त्या सगळ्यावर तांबडं वर्तुळ आणि आडवी रेघ. दरवर्षी नव्या मुलांना मदतनीस आधी याच्यासमोर आणून उभं करतात, केतकी म्हणाली. मग बाकीचं विद्यापीठ दाखवतात.

मी जवळ जाऊन पाहिलं. मिशी अगदी काकांची होती. काकांच्या फोटोसमोरून मुलं मान खाली घालून जातात. माझ्यासमोर थांबून नीट समजावून घेतात. जर्मन विद्यापीठाने विद्यार्थी म्हणून मला कधी घेतलं नाही. अभ्यासक्रमात मात्र घेतलं.