हरलेल्याने फोन करायचा

मीनलचा फोन आला तेव्हा मी मॅनहॅटनमधल्या ऑफिसच्या लिफ्टपाशी उभी होते. मीनल म्हणजे ठोंबरेकाकांची मुलगी. ती पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला असते. वडिलांना झटका आल्याचं कळल्यावर मिळेल ते विमान पकडून आली होती. "बाबा गेले गं," एवढंच म्हणाली. लिफ्ट आली, माणसं आत गेली, दार बंद झालं, मी तिथेच.

आदल्या संध्याकाळीच तर हॉस्पिटलमध्ये जाऊन आले होते. त्याच आठवड्यात मंगळवारी इथल्या सिनेटच्या निवडणुका झाल्या. सकाळी काका मत देऊन आले आणि दुपारी स्वयंपाकघरात कोसळले. शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी गेले तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. अख्ख्या सिनेटचं पारडं कुठे झुकणार ते एकाच जागेवर येऊन ठेपलेलं आणि तिथली मोजणी काही केल्या संपत नव्हती. काकांचा अर्धा चेहरा हलत नव्हता. जड जिभेने विचारलं, "झाली का मोजणी?"

"नाही काका. चालूच आहे."

मग म्हणाले, "म्हणजे... अजून कोणी हरलं नाही."

माझ्याशी बोललेलं हे त्यांचं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर मोजणी संपली. मीनलबरोबर घरी परतले तेव्हा टीव्हीवर त्या राज्यातला हरलेला उमेदवार बायकोमुलांसह उभा होता आणि सांगत होता, मी आत्ताच प्रतिस्पर्ध्याला फोन करून त्यांचं अभिनंदन केलं. आवाज वाढवायला माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. ही सवय काकांची. जिंकलेल्याचं भाषण सुरू झालं की ते आवाज बंद करायचे. "त्यांचं सगळ्यांचं सारखंच असतं पोरी. हरलेल्याचं ऐक."

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली आणि विमानात बसलेलीही पहिलीच. हे मी कुणालाही, कुठेही, मान ताठ ठेवून सांगते. २००१ साली कंपनीने जर्सी सिटीला पाठवलं. आल्यावर थोड्याच दिवसांत नदीपलीकडे जुळ्या मनोऱ्यांचा तो धूर दिसला आणि त्यानंतर माझ्यासारख्या नव्या माणसांकडे बघायच्या नजरा बदलल्या. भाड्याची खोली मिळेना. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी ठोंबऱ्यांचा नंबर दिला. काका रिटायर्ड इंजिनिअर, काकू जाऊन वर्षं झालेली, वरची खोली रिकामी. मी पगाराचा कागद, ऑफिसचं पत्र, सगळं घेऊन गेले. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"मत दिलंयस का कधी?"

"एकदा. गावी, नगरपालिकेला."

"कुणाला दिलंस?"

"ते नाही सांगणार."

"मग खोली तुझी," म्हणाले.

सिनेटर हे त्यांचं वेड होतं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इथे राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये प्रत्येकी दोनच माणसं, मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी त्यातल्या एक तृतीयांश जागांची निवडणूक होते, त्यामुळे ते सभागृह सगळंच्या सगळं कधी घरी जात नाही. कोण पहिल्यांदा आपटला आणि दुसऱ्यांदा निवडून आला, कोण नवऱ्याच्या जागेवर बसली आणि मग स्वतःच्या जिवावर टिकली, कोण पाच वेळा जिंकून सहाव्यांदा आपल्याच गावात पडला, हे सगळं काका घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. इंजिनिअर माणूस, पण पुलांविषयी कधी ऐकलं नाही. माझ्यासारख्यांचा व्हिसाही सहाच वर्षांचा, तेव्हा मलाही त्यांनी त्याच हिशेबात बसवलं होतं. भाजी चिरताना मध्येच म्हणायचे, "तुझी टर्म संपत आली बाई. परत उभी राहणार का गावी जाणार?" मी हसायचे. हा प्रश्न आता मला कुणीच विचारत नाही.

हरलेल्यांचं एवढं का, असं मी एकदा विचारलं होतं. ते यवतमाळकडचे, दारव्ह्याचे. वडील नगरपालिकेला उभे राहिले आणि शेजारच्याच माणसाकडून हरले. त्यानंतर वडील कधी बाजारात गेले नाहीत. दोन्ही घरांतलं जाणंयेणं तुटलं, वाटीभर विरजणसुद्धा थांबलं. शेजारी वारला तेव्हा वडील आत दार लावून बसले होते. "आणि मी इथे शिकायला आलो बाप्पा," काका सांगायचे, "तर होस्टेलच्या टीव्हीवर एक म्हातारा सिनेटर. त्याच दिवशी पडलेला. घसा बसलेला, आणि हसून सांगतो की मी त्याला फोन केला. मला वाटलं, थट्टा करतोय." इथे हा रिवाजच आहे. हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करायचा, आणि तो आधी त्याने करायचा.

आता लिमयेकाकांबद्दल सांगायला हवं. लिमये मूळचे पुण्याचे, काकांचे चाळीस वर्षांचे मित्र आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे कायमचे अध्यक्ष. कायमचे, कारण आमच्याकडे निवडणूक होतच नसे. उन्हाळ्यातल्या पिकनिकला झाडाखाली सगळे जमायचे, कुणीतरी म्हणायचं, "लिमयेच राहू देत," टाळ्या वाजायच्या आणि लोक प्लेटा घेऊन रांगेत लागायचे. बिनविरोध! तसं बघितलं तर तक्रारीला जागा नव्हती. हॉल लिमये ठरवणार, एअरपोर्टवरून माणसं लिमये आणणार, कुणाकडे मयत झालं तर भटजी लिमये शोधणार. पण काकांच्या डोक्यात ते बसलं होतं. माणूस वाईट असता तर कुणीतरी उभं राहिलंच असतं, चांगला आहे म्हणूनच निवडणूक घ्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. यंदाच्या पिकनिकला टाळ्या वाजायच्या आत ते उठून उभे राहिले.

"मी उमेदवार आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात मतदान घ्या. चिठ्ठ्या टाकून."

लिमयेकाकांच्या हातात मक्याचं कणीस होतं. "ठोंबऱ्या, तुला अध्यक्ष व्हायचंय तर सांग ना. मी आत्ता राजीनामा देतो."

"मला व्हायचं नाहीये. मला तुला पाडायचंय. जमलं तर."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. या देशात मी कर भरते, पण मत मला नाही, ते बरोबरही आहे, मी इथली नागरिक नाही. मग उरलं ते मंडळ. आणि तिथेही कणीस खाताखाता टाळी वाजवायची? माझे वडील मतदानाच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, पाळी सुरू व्हायच्या आत जाऊन यायचे. दिवसभर बोटावरची शाई जपायचे. मला चिठ्ठी हवी होती. काकांना म्हटलं, तुमचा प्रचार मी करते. त्यांनी बेसमेंटमध्ये प्लायवूडची मतपेटी बनवली, तिला कुलूप लावलं, किल्ली लिमयेकाकांच्या बायकोकडे दिली. "प्रतिस्पर्ध्याच्या घरीच असू दे," म्हणाले, "तो सोडून कुणावर विश्वास ठेवू?"

...आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना काका गेले. इथे हॉल मिळेल तेव्हा दिवाळी, यंदा ती नोव्हेंबरच्या मध्यावर आली होती.

अंत्यसंस्कार झाल्यावर कमिटी लिमयेकाकांच्या घरी जमली. शोकसभा, फोटो, हार, सगळं ठरलं. मग खजिनदार हळूच म्हणाले, "आता निवडणुकीचा प्रश्न उरला नाही. बिनविरोध." लिमयेकाका खिडकीबाहेर बघत होते. माणसाला जाळून आलो, आणि आता त्याने मागितलेली एकुलती एक गोष्टही त्याच दिवशी जाळायची?

"त्यांचं नाव चिठ्ठीवर राहील," मी म्हटलं.

"अगं वैशाली, ते गेलेत!"

"इथे असं झालंय. काकांनीच सांगितलं होतं. मतदानाच्या तोंडावर उमेदवार वारला, नाव तसंच राहिलं, आणि लोकांनी त्यालाच सिनेटवर निवडून दिलं."

"आणि हे निवडून आले तर खुर्चीत कोण बसणार? भूत?"

"ते तेव्हा बघू. पोटनिवडणूक घ्या."

कुणीतरी तोंडावर हात धरला, हसू होतं की दुसरं काही, कळलं नाही. माझा आवाज चढला होता. मी काही मंडळातली जुनी नव्हे, मोठ्या घरातली नव्हे, वरच्या खोलीतली भाडेकरू. पण गप्प बसायला मला कुणी शिकवलेलं नाही. तेवढ्यात लिमयेकाका खिडकीपासून वळले. "नाव राहील," म्हणाले. "पेटी आणा. किल्ली आहे हिच्याकडे."

शाळेचा कॅफेटेरिया, एका टोकाला कंदील, दुसऱ्या टोकाला काकांचा फोटो आणि मधल्या टेबलावर ती प्लायवूडची पेटी. लोक रांगेने आले, घडी घातलेल्या चिठ्ठ्या टाकून गेले. कितीतरी जण फोटोपाशी डोळे पुसत होते. मला वाटलं, काका निवडून येणार. मतदानाआधी वारलेल्या त्या सिनेटच्या उमेदवारासारखे येणार. मोजणीला मी आणि लिमयेकाकू बसलो होतो. काका हरले. थोडक्यात नव्हे, सरळसरळ हरले. मला इतका राग आला... रडता, हार घालता आणि चिठ्ठीवर मात्र लिमये? फराळाला न थांबता मी तडक निघाले. वाटेत ट्रेनमध्ये मात्र डोकं थोडं थंड झालं. दयेचं मत काकांना चाललं असतं का? ज्याला खरोखर अध्यक्ष करायचंय त्याला लोकांनी मत दिलं, चिठ्ठीवर, एकेकट्याने, विचार करून. मागितलं होतं ते हेच तर होतं.

घरी अंधार होता. मीनल आवराआवरीला पुन्हा येईपर्यंत घर माझ्या स्वाधीन आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर काकांचा फोन आहे, लांब वळणावळणाच्या वायरचा. कोट न काढताच मी त्यावरून नंबर लावला.

रिंग वाजत राहिली. लिमयेकाकांकडे फोनच्या यंत्रावर कोण फोन करतंय त्याचं नाव उमटतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. शेवटी कुणीतरी उचलला. कितीतरी वेळ नुसता श्वास. मग लिमयेकाकांचा आवाज आला, अगदी हळू.

"बोल, ठोंबऱ्या."

कसंबसं म्हटलं, "काका, मी वैशाली. त्यांच्या घरून बोलतेय. हरलेल्याने फोन करायचा असतो म्हणून... अभिनंदन."

"मला वाटलं होतं गं," ते म्हणाले, "या खेपेला तरी तो मला पाडेल. तुला म्हणून सांगतो, मी माझं मत..."

"सांगू नका काका. मत गुप्त असतं."

ते हसले असावेत. किंवा नसतील.

याला आता काही आठवडे झाले. घर विकायला काढलंय. मतपेटी मंडळाच्या कपाटात गेली, पुढच्या वर्षीही ती वापरायचं ठरलंय. मीनल म्हणाली, फोनची लाइन महिनाअखेर बंद करू, उगाच चालू कशाला. मी हो म्हटलं. लिमयेकाकू मध्यंतरी सांगत होत्या, त्या यंत्रात आलेल्या शेवटच्या काही फोनचीच नावं राहतात, नवी आली की जुनी पुसली जातात. मंडळाचा अध्यक्ष म्हटल्यावर घरी फोन सारखे. दुसऱ्याच दिवशी लिमयेकाकांनी मला ऑफिसात फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या फोनवरून अधूनमधून एखादा फोन करत जा."

"करीन. पण बोलू काय?"

"बोलायचं काही नाही गं. नुसता वाजू दे."

तेव्हापासून कामावरून आले की मी आधी स्वयंपाकघरात जाते, तो नंबर लावते आणि वायर बोटाला गुंडाळत उभी राहते. तिकडे रिंग वाजते. कुणी उचलत नाही. महिना संपत आला आहे.