त्याच्या गावचं पाणी

त्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. माझा नवरा तिकडचा. विशीत पनवेलला आला, तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला आणि इथलाच होऊन गेला. घरात आमची मराठीच चालायची. मासळीवालीशी तो माझ्यापेक्षा बरी घासाघीस करायचा. मल्याळम कानावर यायची ती फक्त रविवारी, त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला की. मी ती भाषा शिकले नाही. शिकायला हवी असं कधी वाटलंच नाही.

पाणी चढायला लागलं त्या दिवशी भावाचा फोन बंद झाला. त्यांचं घर नदीला लागून. नवरा टीव्हीसमोर उभाच होता. मी काही विचारलं की म्हणायचा, "बघू." दोन दिवस मला तेवढा एकच शब्द मिळाला. पण बाल्कनीत जाऊन फोनवर मात्र तो तासन्‌तास बोलायचा. खांदा कॉलनीतल्या मल्याळी मंडळींनी मदतीचं सामान गोळा करायला एक हॉल घेतला होता. ज्यांच्याकडे हा वर्षातून एकदा ओणमचं जेवायला जायचा, त्यांचे आता सारखे फोन यायला लागले. त्यांच्याशी बोलताना याचा आवाज चढायचा, मध्येच अडकायचा. असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

मुलगी नववीत होती. चुलत भावंडांशी बोलून तिला ती भाषा बऱ्यापैकी कळायची. मी तिला स्वयंपाकघरात बोलावून विचारायची, बाबा काय म्हणाले. दोनदा तिने सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, तू बाबांनाच विचार ना." मला लाज वाटली, पण राग जास्त आला.

सगळ्यात जास्त फोन व्हायचे ते एका नर्सबाईंशी. नवीन पनवेलमध्ये एका दवाखान्यात होत्या, पन्नाशीच्या, आणि याच्याच गावच्या. तो त्यांना चेची म्हणायचा, म्हणजे ताई. हा एक शब्द मला येत होता, तरी माझा जळफळाट कमी होत नव्हता. दुसरं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. ताईशी बोलतोय म्हणून नवऱ्याशी कसं भांडायचं?

तिसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून रजा घेतली आणि त्याच्याबरोबर हॉलवर गेले. जाताना कपाटातल्या सहा चांगल्या सुती साड्या घेतल्या, इस्त्री केलेल्या. नर्सबाईंनी त्या हातात घेतल्या, छान आहेत म्हणाल्या, आणि हळूच बाजूला ठेवल्या. छावणीत साडी वाळवायला जागा नसते, बायकांना मॅक्सी हव्यात, असं त्यांनी मला हिंदीतून समजावलं. बरोबरच होतं ते. पण माझ्या साड्या त्या टेबलाच्या कोपऱ्यावर पडून राहिल्या आणि मला वाटलं, मलाच तिथे ठेवलंय. कोणीतरी मला खुर्ची दिली, चहा आणून दिला. बाकी सगळे जमिनीवर बसून काम करत होते. मी खुर्ची सोडली आणि खोक्यांना चिकटपट्टी लावायला घेतली.

दुपारी नर्सबाईंचा फोन वाजला. त्या ऐकत उठल्या आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला नवरा होता तिकडे धावत गेल्या. काहीतरी बोलल्या. तो होता तिथेच खोक्यावर बसला, त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि हमसून हमसून रडायला लागला. त्याचे वडील गेले तेव्हासुद्धा तो माझ्यासमोर रडला नव्हता. मी चिकटपट्टी हातात धरून उभी. काय झालंय तेच मला कळेना. शेवटी शेजारच्या माणसाला विचारावं लागलं. तो म्हणाला, "भाभी, भाई मिल गया. स्कूल में है सब लोग."

दीर सापडला होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर ही बातमी त्याला त्या बाईनेच का सांगितली. मी कोणाला न सांगता रिक्षा करून घरी आले.

तो संध्याकाळी आला. डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, "दोन दिवस मी शेजारी होते. मला का नाही काही बोललास?"

तो खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर आलंय, एवढं सांगितलं की चेचीला कळतं आमचं घर गेलं. तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तेवढा दम नव्हता."

"सांगून तर बघायचंस."

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

मी मान हलवली. समाधान झालं नाही, पण खोटं बोलला नाही हे कळलं. जेवताना मुलीने त्याला विचारलं की देवळापासून घर किती लांब, आणि तो सांगत राहिला. तिसरी पायरी, मग सुपारीची झाडं, मग त्यांचं अंगण. मी वाढत ऐकत होते. ती झाडं मी चार वेळा पाहिली होती.

गाड्या सुरू झाल्यावर तो गावी गेला, नर्सबाई त्याच गाडीने. मी येऊ का विचारलं होतं, पण तिथे अजून चिखलच उपसायचा होता. स्टेशनवर मी दोघांसाठी डबा दिला. बाईंना वेगळा, त्यांच्या हातात. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मी हसले, पण गाडी हलेपर्यंत खिडकीत ते दोघं बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या महिन्यापासून मी मुलीकडे मल्याळम शिकायला बसते. आकडे येतात, पाणी, घर, भाऊ येतं. रविवारी दिराशी दोन वाक्यं बोलते, तो हसतो. बाई बाजारात भेटल्या की आम्ही थांबतो, विचारपूस करतो. आणि अजूनही, त्या बोलायला लागल्या की मी आधी त्यांचा चेहरा बघते, नवऱ्याबद्दलचं असं काही त्यांना ठाऊक आहे का, जे मला नाही.