अकोल्याच्या मे महिन्यात समुद्रफूल

अमरावतीच्या दुकानदारानं पिशवीच्या तोंडाला रबर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "मॅडम, घेऊन तं चालल्या, पण मे महिन्यात हे टिकत नाही. अकोल्याले तं बिलकुलच नाही." मी वकील आहे. समोरच्यानं 'बिलकुल' म्हटलं की माझ्या अंगात येतं. याआधी त्याच्याकडून काही जणांनी ॲनिमोन नेले होते आणि उन्हाळा लागला की एकेकाचे रडके फोन यायचे, असंही तो म्हणाला. माझा फोन येणार नाही, असं मी त्याला तिथल्या तिथं ऐकवलं आणि थर्माकोलचा डबा छातीशी धरून अकोल्याची बस पकडली.

ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल. दिसायला फूल, पण आहे जिवंत प्राणी. एक मांसल देठ, वर लवलवत्या बोटांचा झुबका, प्रत्येक बोटाचं टोक फुगलेलं, आणि मधोमध तोंड. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे विचारलं. मी मोठ्या हौसेनं झाकण काढून दाखवलं. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि हे शिजवतात कसं, असं विचारलं.

जठारपेठेतल्या आमच्या घरी टाकी आधीपासून तयार होती. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून केलेला तो समुद्र मी कित्येक महिने नुसताच मुरवत ठेवला होता. नवऱ्याच्या मते मी बैठकीत खाऱ्या पाण्याचं लोणचं घातलं होतं. पुढं नारिंगी क्लाउन माशांची जोडी आली. पण ॲनिमोनशिवाय ते मासे म्हणजे बिऱ्हाड न मिळालेले भाडेकरू. ज्या दिवशी मी त्याला पाण्यात सोडलं, त्या दिवशी ते टाकीभर चालत सुटलं. हो, ते चालतं! तळव्यावर सरकत सरकत जागा शोधतं. ते आत ओढलं जाऊ नये म्हणून मी पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला, कोर्टातून घरी फोन करकरून ते कुठं पोचलं ते विचारलं, आणि शेवटी दगडाच्या एका खोबणीत ते रुतून बसलं तेव्हा ओरडून अख्खं घर गोळा केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे त्याच्या बोटांत लोळायला लागले होते.

सासूबाई तेव्हापासून खुर्ची टाकून टाकीसमोर बसायच्या. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्याकडं राहायला आल्या होत्या आणि शहरात त्यांचा वेळ जाता जात नव्हता. मी चिमट्यानं कोळंबीचा तुकडा भरवायचे तेव्हा त्या अगदी जवळ येऊन बघायच्या. आमच्या घरी मटण चालतं, पण कोळंबी कधी आली नव्हती. ती ठेवायला फ्रिजमध्ये वेगळा डबा करावा लागला. बोटं मिटून ते घास आत ओढायचं, आणि दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं त्याच तोंडातून बाहेर टाकायचं. सासूबाईंना ती गोष्ट फार पटली नाही, पण त्यांनी बघणं काही सोडलं नाही.

एकाच गोष्टीवरून त्यांचं माझं रोज वाजायचं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडून जातं, पण मीठ मागंच राहतं. म्हणून रोज साधं गोडं पाणी ओतून पातळी काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत आणायची असते. सासूबाईंचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहिरीला खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. गोडं पाणी लांबून आणायचं, झाकून ठेवायचं आणि फक्त डाळीला नि पिण्याला वापरायचं, यात त्यांचा जन्म गेला. आणि इथं सून भरल्या घागरीएवढं गोडं पाणी रोज खाऱ्या पाण्यात ओतत होती. "खाऱ्यात गोडं टाकून राहिली तू, हे काई बरं नाही," असं त्या मला सांगायच्या आणि मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगायचे. दोघींपैकी कुणीच ऐकून घ्यायचं नाही.

मे महिना आला. बैठकीतला कूलर आता पूर्णपणे टाकीचा झाला. पाहुणे त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायला लागले की मी त्यांना उठवायचे. वर पाण्यावर वारा घालायला छोटे पंखे लावले. बाहेर डांबर वितळत होतं आणि आमचं ॲनिमोन आत मजेत फुलत होतं. मला तर वाटायला लागलं की जिंकलोच आपण! अशात अमरावतीला भाचीचं लग्न निघालं. पाणी घालायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं, रेघ दाखवली, पुन्हा एकदा दाखवली आणि माहेरी गेले. लग्नात मी निम्म्या वऱ्हाडाला मोबाइलवर ॲनिमोनचे फोटो दाखवले. नवरीचे कमी बघितले असतील लोकांनी.

परत आले आणि चपला न काढता टाकीपाशी गेले. ॲनिमोन आक्रसून मुठीएवढं झालं होतं. बोटं आत ओढलेली, तोंड वासलेलं. मासे वरच्या कोपऱ्यात बावरून उभे. पाण्याची पातळी मात्र रेघेला रेघ.

मग मी उलटतपासणी सुरू केली. नवरा पहिल्याच प्रश्नाला फुटला. तो सकाळी लवकर बँकेत जायचा, म्हणून त्यानं काम आईकडं दिलं होतं. सासूबाईंना विचारावंही लागलं नाही. त्यांनी गावी राहणाऱ्या माझ्या दिराला सांगून गावच्या विहिरीचं पाणी कॅन भरभरून मागवलं होतं आणि रोज तेच घातलं होतं, अगदी न चुकता, न सांडता.

"त्याले खारं लागते ना? मंग मी गावचं खारं टाकलं. तुह्यं गोड पानी वाचलं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर नुसतं समाधान होतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्या पाण्याचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला होता.

मी भडकले. विहिरीचा खार वेगळा आणि समुद्राचा वेगळा, त्यात सोडाच जास्त, एक वेळ जुलाबाच्या औषधात चालेल पण या जिवाला ते मारून टाकेल, असं मी एका दमात बोलून गेले. सासूबाई आत निघून गेल्या. त्या रोजच्या खुर्चीकडं त्यांनी बघितलंही नाही.

दुकानदाराला फोन लावला. माझा फोन येणार नाही म्हटलं होतं ना? आला! त्यानं हसायचं टाळलं, एवढी सभ्यता दाखवली. आजच्या आज बाहेर काढा, म्हणाला. ॲनिमोन मेलं की विरघळतं आणि त्याच्या विषानं मासेही जातात. मी बाही सरसावून हात पाण्यात घातला, बोटानं त्याला हळूच शिवले आणि बोटाचा वास घेतला. कुजका वास नव्हता. शिवाय बोट त्याला चिकटलं होतं. काहीतरी पकडायची ताकद अजून त्याच्यात होती. काढायचं नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

मग घरात जी धावपळ उडाली! बादल्यांत आरओचं पाणी, त्यात मीठ, ढवळायला जुना पंप. टाकीतलं थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं, एकदम नाही, दमानं. अर्ध्यावर आलो आणि वीज गेली. पंखे बंद, कूलर बंद, पाणी तापायला लागलं. मी फ्रिजकडं पळाले तर सासूबाई आधीच पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या पदरात धरून येत होत्या. त्यांनी बाटल्या माझ्या हातात दिल्या, शेजारणीच्या फ्रिजमधल्याही आणून दिल्या, आणि प्रत्येक वेळी टाकीकडं पाठ करूनच परत गेल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण माझे दोन्ही हात पाण्यात होते.

सकाळी पाहिलं आणि माझा धीर सुटला. ॲनिमोन मधोमध फाटलं होतं. देठ दोन दिशांना ताणलेला, तोंड लांबट चिरलेलं, मध्ये एक पातळ धागा तेवढा. मी भांडं घेतलं, स्टूल ओढलं आणि काढायला वाकले. जवळून बघते तर दोन्ही बाजूंचे तळवे दगडाला घट्ट धरून होते. मेलेलं काही असं धरत नाही! आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हे वाचलं होतं. जिवावर बेतलं की या जातीचं ॲनिमोन कधी कधी स्वतःला फाडून दोन होतं. हातातलं भांडं मी तिथंच खाली ठेवलं. कोर्टात त्या दिवशी सहकाऱ्याला उभं केलं आणि दिवसभर टाकीसमोर पाटावर बसून राहिले.

धागा तुटला तो दुपारी. दोन्ही अर्ध्या तुकड्यांनी आपापल्या जखमा आत गुंडाळून घेतल्या. ऊन उतरायच्या सुमाराला एकानं बोटं बाहेर काढली, थोड्या वेळानं दुसऱ्यानं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण गॅस बंद करून धावत आली. मोठी मासोळी एकात शिरली, धाकटा दुसऱ्याकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला ठरवताच येईना!

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी हाताला धरून त्यांना आणलं. त्या घाबरत घाबरत काचेपाशी वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"माह्यानं तुटलं ना हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, तुमच्यामुळंच. जगायचं होतं त्याला, म्हणून दोन झालं.

"मंग यातलं जुनं कोन्तं अन् नवं कोन्तं?"

मी सांगितलं, जुनं-नवं असं काही नाही. दोन्ही तेच आहे. त्यांनी हे तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. मग डावीकडच्या, जरा लहान राहिलेल्या ॲनिमोनकडं बोट केलं.

"मंग ते माह्यं," त्या म्हणाल्या. मी तो दावा विनातक्रार मान्य केला.