वादळाचं उदाहरण माझं नाही

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सकाळी फिरून आल्यावर चहा होतो आणि चहाबरोबर वाद होतो. सध्या टीव्हीवर कुठे ना कुठे बॉम्ब पडतच असतात, त्यामुळे विषय शोधावा लागत नाही. मागच्या महिन्यात आमचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "काही म्हणा, लढाईनं देश श्रीमंत होतो. कारखाने तीन पाळ्यांत चालतात, पोरांना कामं मिळतात." सगळे माझ्याकडे वळले. जळगावच्या कॉलेजात मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. "सर, तुमचं ते केळीचं सांगा," कुणीतरी म्हणालं.

मी सांगितलं. उन्हाळ्यात वादळ येतं आणि रावेरकडच्या केळीबागा तासाभरात आडव्या होतात. दुसऱ्या दिवसापासून गावात कामच काम. पडलेली खोडं ओढायची, ट्रॅक्टर लावायचे, नवी रोपं आणायची. सगळ्यांच्या हातात पैसा खेळतो. मग वादळानं गाव श्रीमंत झालं का? नाही. जे होतं तेच पुन्हा उभं करण्यात वर्ष गेलं. युद्धाचंही तसंच.

पोस्टमास्तरांनी हसून हात जोडले. हे मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून द्या, असं ठरलं. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि पहिल्या ओळीनंतर हात थांबला. तोंडी वर्षानुवर्षं चालून गेलं होतं. या वयात पुन्हा एकदा स्वतःच्या नावाखाली छापायला देणं काही जमेना.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सीमेवर लढाई चालू होती आणि वर्गात मी पोस्टमास्तरांचीच बाजू मांडत होतो. युद्धामुळे मागणी वाढते, रोजगार वाढतो, मोठमोठे देश मंदीतून असेच बाहेर आले. मागच्या बाकावरून सावद्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच बोलत होती.

"सर, वादयात केयी पडली म्हणजे आमच्या गावात बठ्ठ्यांना, सगळ्यांनाच काम भेटते. मग वादय चांगलं म्हणायचं का? पण माही आई..."

"केयी नाही, केळी," मी म्हणालो. "वादय नाही, वादळ. आधी 'ळ' म्हणायला शिका, मग अर्थशास्त्राकडे वळा."

वर्ग हसला. मला आवडलं ते हसणं. वाक्य अर्धंच टाकून ती खाली बसली. परीक्षा पास होऊन गेली, पण वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही.

मला मात्र तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडेना. पुढच्या वर्षी मी बाजू बदलली आणि तिचंच वादळ घेऊन वर्गात गेलो. शुद्ध 'ळ' लावून. उदाहरण गाजलं. पुढे मी गाईड लिहिलं तेव्हा त्यात ते छापलं, आणि प्रस्तावनेत लिहिलं की सर्व उदाहरणं माझी स्वतःची आहेत.

म्हणून आता स्मरणिकेचा कागद तसाच ठेवला. एका जुन्या विद्यार्थ्याकडून तिचा ठावठिकाणा मिळाला आणि मी एसटीनं सावद्याला गेलो. ती केळीचे वेफर्स करते. पत्र्याच्या शेडमध्ये मोठी कढई होती आणि ती किसणीवर केळं धरून चकत्या थेट तेलात पाडत होती. तिनं मला लगेच ओळखलं. खुर्ची दिली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ती हसायलाच लागली. "सर, माह्या पुतणीनं तुमचंच गाईड वाचलं होतं. मी म्हटलं, अवं, हे तं मी बोलली होती वर्गात! ती म्हणे, काकू, काहीही फेकता तुम्ही. अजून चिडवते मले."

मी माफी मागितली.

"माफीचं राहू द्या. तुम्ही अर्धंच छापलं, त्याचं काय?"

"अर्धं?"

"मग! तुम्ही बसवलं ना मले खाली." झाऱ्यानं तिनं वेफर्स उलटले. "आमाले शेत नव्हतं. आई दुसऱ्याच्या केयीत कामाला जायची. वादय झालं तं पंधरा दिवस तिला रोज काम. घरात तेल आलं, मले वह्या आल्या. आई म्हणे, देवानं धाडलं वादय. अन् मग? बागेत घडच नाही तं कापणार काय, वाहणार काय? पुढचं सालभर ती घरी बसली. ते पंधरा दिवस तिनं पुढच्या सालातूनच आणले होते, सर."

माझ्या उदाहरणात बाग होती, ट्रॅक्टर होता, गाव होतं. ही बाई नव्हती.

"मालकाला तं पहिल्याच दिवशी समजते आपण बुडालो," ती म्हणाली. "मजुराचं आधी चांगलं होते, म्हणून त्याला समजायला उशीर लागते. लढाईतही तसंच असेल ना?"

तसंच असतं. इतकी वर्षं शिकवून हे वाक्य मला सुचलं नव्हतं. पोस्टमास्तरही पूर्ण चुकीचे नव्हते. कामं मिळतात हे खरंच आहे. ती कुठून आणली जातात, तेवढं त्यांना दिसलं नव्हतं, आणि मलाही.

"तुझं नाव घालून लिहितो," मी म्हणालो.

"नाव नको. गावात लोकं इचारत बसतील. मले फक्त पुतणीला दाखवायला कागद द्या."

येताना तिनं वेफर्सची पिशवी दिली आणि पैसे घेतले नाहीत. गाडीत खिडकीपाशी बसून मी अर्धी संपवली. इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तिला मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बाकी सगळं बरोबर आहे म्हणाली, फक्त एक शब्द काढा. तिच्या आईबद्दल लिहिताना मी 'बिचारी' असं लिहिलं होतं.

"बिचारी नव्हती, सर. कामाला जात होती."

तो शब्द काढला आहे.