कूलरची गार हवा

१४ मे. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला नवा कूलर बसवायचा, एवढंच काम होतं. मी पोचले तेव्हा मालक व्यंकटेश अण्णा डिझायनर सविताच्या खुर्चीमागे उभे होते. कॉम्प्युटर नुकताच पुन्हा बंद पडला होता.

सविता टॉवेलवरचं चित्र धाग्याधाग्यांत फोडून लूमला, म्हणजे यंत्रमागाला, कळेल अशी फाईल बनवते. त्या कामात प्रोसेसर इतका तापायचा, की मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. फाईल संध्याकाळपर्यंत लूमवर चढायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेणारी पार्टी सॅम्पल बघायला येणार होती. सॅम्पल नसेल तर ऑर्डर शेजारच्या कारखान्याला, असं त्यांनी सांगूनच ठेवलं होतं.

लिक्विड कूलर मीच सुचवला होता, स्वस्तातला. त्यात प्रोसेसरवर एक छोटा पंप बसतो. आतलं पाणी उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथले पंखे ती बाहेर फेकतात. ऐकायला सोपं आहे. मी मात्र आजवर साधे पंखेच बसवले होते.

खोकं उघडलं. रेडिएटर, पंखे, दोन नळ्या लोंबणारा पंप आणि स्क्रूच्या पुड्या. एकाही पुडीवर नाव नाही. माहितीपत्रकात नुसती चित्रं, तीही पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"पाणी कुटं भरायचं ह्यात?" अण्णांनी विचारलं.

"आत आहे. सीलबंद."

"आन् बदलायचं कधी?"

"बदलायचं नाही."

"आमच्या घरच्या कूलरला आठ दिवसांत वास मारतो, मॅडम. ह्याला न्हाय मारणार?"

मी पंप प्रोसेसरवर बसवला. पंपातून दोन वायरी निघत होत्या, एक दिव्याची आणि एक मोटरची. चित्रात दोन्ही सारख्याच. अंदाजाने लावल्या. स्विच दाबला. पंखे फिरले, पंपावर निळा दिवा लागला.

अण्णांनी रेडिएटरसमोर हात धरला. "गार हवा येतीय की! लई भारी."

सविताने फाईल चालू केली. थोड्या वेळात स्क्रीन काळी.

मला कळेना. पंप काढला, खालची पेस्ट पुसून नवी लावली. प्रोसेसरची उष्णता पंपात नीट उतरावी म्हणून ती लावतात. पुन्हा तेच. दिवा चालू, पंखे चालू, हवा गार, आणि प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा नव्वदच्या वर. स्क्रू आवळले. पुन्हा तेच.

"आमचा मोठा कूलर आणून लावू का पुढं?" अण्णा म्हणाले.

"अजिबात नको. पाण्याचे तुषार आत गेले तर मशीनच जाईल."

"मग गार हवेचा उपयोग काय, मॅडम?"

तेच मला समजत नव्हतं. मी सविताला दोन्ही नळ्या हातात धरायला सांगितल्या. "यातली गरम कुठली?"

"कुटलीच न्हाय."

आता ट्यूब पेटली. प्रोसेसरकडून येणारी नळी तरी गरम लागायला हवी. म्हणजे पाणी जागचं हलतच नव्हतं. दिव्याला वीज मिळत होती, मोटरला नाही. मोटरची वायर मी बोर्डावरच्या ज्या कनेक्टरमध्ये खोचली होती, तो मेलेला होता. आजवर तो कुणी वापरलाच नव्हता. वायर काढून शेजारच्यात लावली. बारीक घरघर सुरू झाली, नळी कोमट झाली. सविताची फाईल एका दमात पूर्ण झाली आणि दिवस मावळायच्या आत लूमवर चढली.

सकाळी अण्णांचा फोन.

"पार्टी येऊन गेली. सॅम्पल पसंत, ऑर्डर आपलीच."

"छान."

"छान कुटलं? कूलर बिघडला. काल बर्फासारखी हवा होती, आज भट्टी लागलीय. बदलून द्या."

"अण्णा, तो आतली उष्णता बाहेर टाकतोय. बाहेर गरम म्हणजे आत गार."

"मग त्याला कूलर कशाला म्हणता?"

शिकले ते एवढंच: लिक्विड कूलर तपासताना दिव्याकडे बघू नये, नळीला हात लावावा. पण फोनवर हे समजावण्यात अर्थ नव्हता. मी गाडी काढली, चिंचोळीला गेले आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर जाड मार्करने लिहिलेला कागद चिकटवला: 'इथून गरम हवा आलीच पाहिजे. गार आली तर मॅडमना फोन करा.'