काकाजींच्या मॉलचा पत्ता

आमच्या काकाजींचा उजवा हात कायम पुढे केलेला असायचा. नव्या माणसाला वाटे, हे गृहस्थ काही मागताहेत की काय. ते मॉलचे मालक होते आणि सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभे असायचे, इतकंच. सालेकशाकडच्या खेड्यातली एखादी म्हातारी त्या हलत्या पायऱ्या पाहून मागे सरली, की ते म्हणत, "धर माय हात. पाय टाक फक्त. बाकी तो जिना पाहते."

काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. गोंदियात माणूस राइस मिल काढतो. यांनी चालती मिल पाडली आणि तिथे तीन मजली मॉल बांधला. कारण विचाराल तर काकू. नागपूरच्या एका मॉलमध्ये काकू जिन्याला घाबरल्या, मागची पोरं हसली आणि काकू खालीच बसून राहिल्या. परत येताना गाडी वाटेतल्या सौंदडला आली. तेव्हा काकाजी म्हणाले, "आपल्या मॉलात कोणी हसणार नाही." उद्घाटनाच्या दिवशी काकू नऊवारी सावरत एकट्या वर गेल्या. मी मात्र, नागपुरात कॉलेज केलेली सून, तोल जाऊन जिन्यावर बसले आणि बसल्या बसल्याच पहिल्या मजल्यावर पोचले. कोणी हसलं नाही. काकाजींनी डोळे वटारून ठेवले होते.

पहिल्या आठवड्यात एक अडचण झाली. खेड्यातली माणसं काचेच्या दाराशी आली, की चपला काढत. एवढी चकचकीत फरशी देवळाशिवाय कुठे पाहिली होती? दारात ढीग साचू लागला. बुटांच्या दुकानाचा मॅनेजर म्हणाला, "अंकल, इनको समझाओ, ये मंदिर नहीं है." काकाजींनी समजावलं नाही. सुताराला बोलावून चपलांसाठी लाकडी मांडणी करून घेतली. "कायले समजावू? फरशी साफ राहून राहिली ना तुझी?"

तसंच बस्त्याचं. आमच्याकडे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची झाडून सगळी माणसं जातात. दिवसभर गादीवर बसायचं, चहा प्यायचा, साड्यांचे डोंगर उलगडायचे, विहिणीच्या साडीवरून एकदा रुसायचं आणि मग बस्ता बांधायचा. उभ्या उभ्या हँगर सरकवून का कुठे बस्ता होतो? काकाजींनी पहिल्या मजल्यावर, साडीच्या दुकानासमोर, मोठी पांढरी गादी घातली. मॉलमधली ती सगळ्यात जास्त वापरातली जागा. दुपारी आम्ही घरच्या बायकाही तिथेच लोळायचो. बाहेर मे महिना, आत फुकटचा गारवा.

इथेच घोटाळा आहे. आम्ही मॉलला जायचो, बसायचो, फिरायचो. घ्यायचं काही असलं, की बाजारओळीत. पुढे हातात फोन आले. मग त्याच गादीवर पडून, काकाजींच्याच गारव्यात, मी फोनवरून कुडते मागवू लागले. आमची गल्ली डिलिव्हरीवाल्याला सापडत नाही, म्हणून पत्ता द्यायचा मॉलचा. मीच नाही, सगळा मोहल्ला तेच करायचा. बुटांचं दुकान गेलं, खेळण्यांचं गेलं. बुटांच्या रिकाम्या गाळ्यात काकाजी लोकांची पार्सलं नीट लावून ठेवत. मला फोन यायचा, "सूनबाई, तुझा डबा येऊन पडला. घेऊन जा." एकदा मी ओशाळून म्हटलं, "काकाजी, तुम्हाला उगाच त्रास." तर म्हणाले, "त्रास कायचा? त्या निमित्तानं लोक येऊन तर राहिले."

मग काकू वारल्या आणि शेवटी उरलं साडीचं दुकान. दुकानदाराने सांगून टाकलं, या लग्नसराईत बस्ते आले तर थांबतो, नाहीतर बाजारओळीत परत जातो. काकाजींनी हिशेब मांडला तो माझ्या मुलीच्या, ऋतुजाच्या लग्नावर. आमचं पोवार समाजाचं गणगोत मोठं. घरच्या पोरीचा बस्ता मॉलात बांधला, की पाहून पाहून बाकीचे येतील. त्यांनी गादीला नवी खोळ शिवून आणली. "सूनबाई, विहीणबाईला पाठ टेकायला तक्केही आणले. तारीख सांग फक्त."

इकडे ऋतुजा आणि जावईबापूंनी आपसात ठरवून टाकलं होतं. बस्ता वगैरे काही नाही, ज्याने त्याने फोनवर पसंत करायचं. "आई, एका साडीसाठी चाळीस लोक कशाला?" मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. विहिणीचा रुसवा वाचला. फक्त काकाजींना सांगायचं माझ्याकडे आलं. आज सांगते, उद्या सांगते, मॉलात गेले की सांगते, असं चाललं होतं.

मला सांगावं लागलंच नाही. शालू माझ्या फोनवरून मागवला होता आणि माझ्या फोनला आमच्या घराचा पत्ता माहीतच नव्हता.

एरवी फोन करणारे काकाजी त्या दिवशी स्वतः आले. अवकाळी पाऊस होता. त्यांचा सदरा चिंब आणि हातातला डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरडा. "पोरीचा शालू दिसते," ते म्हणाले. "वर फोटो आहे. रंग चांगला निवडला." मी म्हटलं, "काकाजी, मी सांगणारच होते..." ते म्हणाले, "काऊन रडून राहिली? लग्न पोरीचं आहे, मॉलचं नाही. चहा टाक, भिजलो मी."  

लग्नाआधीच साडीवाला गेला. लग्नात ऋतुजा त्या शालूत खरोखर छान दिसत होती. पंगतीत विहीणबाईंनी मोठ्याने विचारलं, "शालू कुठून घेतला जी? आमच्या धाकट्याचं आहे पुढच्या साली." माझ्या हातातलं वाढपाचं भांडं थांबलं. शेजारच्या पाटावरून काकाजी म्हणाले, "आमच्या मॉलातून आला."

"असं? मग आमचाही बस्ता तिथेच बांधू."

"या ना," काकाजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "सांग ना सूनबाई, मॉलातूनच आला ना?"

मी "हो" म्हटलं आणि विहीणबाईंच्या पानात, त्या नको नको म्हणत असताना, भात वाढत राहिले.